येळगंगेचे दोन काठ

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हाची ही गोष्ट. मी वाळूजला एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो आणि बजाजनगरात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बायको कन्नड तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरची. आमचंही घराणं मूळचं शेतीचंच, पण वडील नोकरीपायी शहरात आले आणि मी गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांत वाढलो. विहिरीत कधी पाय घातला नाही. पोहता येत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. शहरात पाणी नळाला येतं, तेही एक दिवसाआड, आणि बादलीत बुडून कुणी मरत नाही, असं मी तिला थट्टेनं सांगायचो.

माझी थट्टा तिला आवडते का, हे त्या दिवसांत मला समजत नसे. ती कमी बोलायची. मी सेकंड शिफ्टला असलो की आमची भेटच व्हायची नाही. तरी चांगलं चाललं होतं. एकमेकांची सवय होत होती.

कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर एक काका होते. पन्नाशीला आलेले, बारीक, काटक. आमची सुट्टी शुक्रवारी असायची, आणि दर शुक्रवारी हा माणूस कुठल्या ना कुठल्या डोंगरात असायचा. रझाकारांच्या भीतीनं, पोलीस ॲक्शनच्या आधी, त्यांच्या घरचे लोक महिनाभर खुलताबादच्या डोंगरात लपून राहिले होते म्हणे. काका तेव्हा सात-आठ वर्षांचे. "तवापासून हे नाले माझ्या पायाखालचे," असं ते अभिमानानं सांगायचे. मोठ्यांना ती भीती होती, काकांना मात्र त्यातले फक्त झरे आणि खेकडे आठवायचे.

भाद्रपदातला एक गुरुवार. काका मशीन पुसता पुसता मला म्हणाले, "नवी नवरी आणलीस अन् दाखवलं काय तिला? शहरातली पाणचक्की! अरे, येळगंगा दाखव. वेरूळच्या लेण्यावरून पडतो तो धबधबा समद्यांना माहीत आहे. त्याच्या वर नदीनदीनं गेलं की अजून तीन हायेत. कुणी चिटपाखरू येत नाय तिथं."

मी घरी येऊन विचारलं. तिचा चेहरा एकदम उजळला. चार महिन्यांत एवढा आनंद मी तिच्या तोंडावर पाहिला नव्हता. पहाटे उठून तिनं भाकरी, पिठलं, ठेचा, दह्याचा लहान डबा असं सगळं केलं आणि लग्नात साडीच्या दुकानातून मिळालेल्या पिवळ्या पिशवीत भरलं. पहिल्या एसटीनं आम्ही वेरूळला उतरलो. काका हातात काठी घेऊन स्टँडवरच उभे होते.

लेण्यांच्या बाजूनं वर चढून आम्ही माथ्यावर आलो. खाली येळगंगा कड्यावरून कोसळत होती, तिचा नुसता आवाज येत होता. काकांनी आम्हाला कड्याजवळ जाऊ दिलं नाही. तिथून उलटे वळलो आणि नदीच्या काठाकाठानं वर निघालो. नदी कसली, मोठा ओढाच. पाणी घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं. स्वच्छ इतकं की तळाचे गोटे मोजावेत.

पहिला धबधबा माणसाच्या उंचीचा होता. दुसरा त्याहून मोठा, काळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावरून पसरून येणारा. तिनं साडीचा काचा मारला आणि सरळ धारेखाली जाऊन उभी राहिली. काका पाठ फिरवून बसले आणि तंबाखू मळत मला म्हणाले, "बघ. घरात कोंडून ठेवतोस, अन् म्हणतोस बोलत नाय." ती ओलीचिंब होऊन आली तेव्हा खरंच बोलत होती. माहेरच्या नाल्याबद्दल, भावांबरोबर विहिरीत मारलेल्या उड्यांबद्दल. मी तिच्याकडं पाहतच राहिलो. ही बाई माझ्या घरात चार महिने राहत होती आणि मला ती माहीत नव्हती.

तिसऱ्या धबधब्याच्या थोडं खाली नदी रुंद झाली होती. मधोमध एक सपाट खडक होता, ओसरीएवढा, उन्हानं तापलेला. एका काठावर मोठं उंबराचं झाड, त्याच्या मुळ्या खाली पाण्यापर्यंत उतरलेल्या. दुसऱ्या काठावर गुरांची पायवाट. काका उंबराखाली आडवे झाले. मी म्हणालो, "आपण मधल्या खडकावर जेवू या, मजा येईल." काकांनी डोकं वर करून आभाळाकडं पाहिलं. ऊन होतं. "बसा," ते म्हणाले. "दहा मिनिटांत मी पण येतो."

मी खडकावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला. ती कडेला बसून कांदे धूत होती. धुता धुता थांबली.

"अहो, पाणी बघा की."

"काय झालं?"

"गढूळ यायलंय."

मी न बघताच म्हणालो, "वर म्हैस बसली असेल."

"म्हशीचं गढूळ असं नसतं," ती म्हणाली आणि उभी राहिली. पाण्यावरून फेसाचे पुंजके आणि काड्या चालल्या होत्या. तेवढ्यात मला घरघर ऐकू आली. खुलताबादच्या घाटात ट्रक चढतोय असं मला वाटलं. खरंच तेवढंच वाटलं. मी पिशवीतून डबे काढायला हात घातला, आणि उंबराखालून काका किंचाळले, "उठा! वर निघा! वर!"

पाणी आलं असं आपण म्हणतो. मला जे दिसलं ते पाण्यासारखं नव्हतंच. वरच्या वळणावरून काट्याकुट्यांची, पालापाचोळ्याची, तांबड्या फेसाची एक कंबरभर उंच भिंत येत होती आणि तिच्यात एक बाभळीचं खोड उभं-आडवं होत होतं. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. पायाखाली गोटे सरकत होते. गुडघा कशावर तरी आपटला. गुरांच्या वाटेवरची माती मी नखांनी धरली. मग मी वर होतो, चार पायांवर, आणि माझ्या मागं सगळं गडगडत होतं.

मी वळून पाहिलं. खडक नव्हता. जिथं आम्ही बसलो होतो तिथं तांबडं पाणी फुगून वर येत होतं आणि खाली जात होतं. ती नव्हती.

आणि माझ्या हातात काहीतरी जड होतं. मी खाली पाहिलं. डब्यांची पिवळी पिशवी. तिचे दोन्ही बंद मी एका मुठीत घट्ट धरले होते. दह्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

तो क्षण मला आजही नीट सांगता येत नाही. धक्का बसला म्हणजे माणूस ओरडतो, रडतो असं मला वाटायचं. मी काहीच केलं नाही. मी पिशवीकडं पाहत राहिलो. ही इथं कशी आली, हा एकच विचार डोक्यात होता, आणि तो सुद्धा संथपणे, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. कानात आवाज शिरत नव्हता. एवढी नदी गर्जत होती आणि मला सगळं लांबून ऐकू येत होतं, घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसं.

पलीकडच्या काठावर काका दिसले. ते दोन्ही हातांनी खालच्या बाजूला दाखवत होते आणि त्यांचं तोंड उघडझाप होत होतं. खाली म्हणजे कडा. तेव्हा मला वाचा फुटली. मी तिला हाक मारत काठाकाठानं खाली पळालो. घाणेरीच्या झुडपांतून, काट्यांतून. एका ठिकाणी पाण्यात वाकलेल्या निरगुडीला हिरवं काहीतरी अडकलेलं होतं. तिची साडी हिरवी होती.

मी तिथं खाली बसलो. मला त्या हिरव्या चिंधीकडं नीट पाहवेना आणि नजर हटवता येईना. शेवटी पाहिलं. ती रंग उडालेली खताची गोणी होती, वरच्या कुठल्यातरी शेतातली.

मग मी पुन्हा वर आलो. का आलो ते माहीत नाही. खाली कड्यापर्यंत जायची माझ्यात हिंमत नव्हती, हे खरं कारण असावं. आणि तिथून, मघापासून झाडाच्या बुंध्यामुळं जे दिसत नव्हतं ते दिसलं. उंबराच्या खालच्या अंगाला, मुळ्यांच्या जाळ्यात, ती होती. कमरेपर्यंत पाण्यात, दोन्ही हात मुळ्यांत अडकवलेले. काकांनी काठी तिच्या काखेतून घातली होती आणि ते स्वतः पालथे पडून ती ओढत होते. मघा ते जे ओरडत होते ते हेच होतं. मी ऐकलंच नव्हतं. मी तिला मागं टाकून खाली पळालो होतो.

ती हळूहळू वर आली. एक गुडघा टेकला, मग दुसरा. मग ती उताणी पडली आणि छाती खालीवर होताना मला इथून दिसली.

मी हात उंचावून नाचलो असेन. ओरडलो असेन. मध्ये पंचवीस-तीस पावलांचं पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या आवाजात कानाजवळचा शब्दही ऐकू येत नव्हता. थोड्या वेळानं ती उठून बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हातानं विचारलं, लागलं का? मी नाही म्हणून हात हलवला. त्या हातात पिशवी होती.

तिनं पिशवी पाहिली. एवढ्या लांबून माणसाच्या डोळ्यांतलं काही दिसत नाही. पण तिचा वर आलेला हात खाली गेला तो मला दिसला.

त्यानंतर तीन-साडेतीन तास आम्ही दोन काठांवर होतो. आभाळ आमच्या डोक्यावर निळंच होतं. मी खाली बसून पाहत होतो, आणि पलीकडं जे चाललं होतं त्यावर माझा विश्वास बसत नव्हता. जिला पाण्यानं नेलं होतं ती उठली होती, आणि ज्यांनी तिला काढलं ते काका थरथर कापत होते. नाले पायाखाली असलेला तो माणूस उंबराला टेकून बसला होता आणि कपाळावर हात मारून घेत होता. तिनं त्यांचा पंचा पिळून त्यांच्या खांद्यावर टाकला. त्यांचे तळपाय चोळले. स्वतःच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, ते मधूनच पदरानं टिपत होती. मी पलीकडून बघत होतो, आणि माझ्या मांडीवर भाकरी होत्या.

माझ्या मागं खाकरल्याचा आवाज झाला. डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेला एक म्हातारा शेतकरी दोन बैलांना घेऊन पायवाटेवर उभा होता.

"कुठलं तुम्ही?"

मी सांगितलं.

"वर म्हैसमाळच्या डोंगरावर सकाळधरनं पाऊस लई कोसळायलाय. खाली ऊन बघून लोक येतात नदीत. कुणाला इचारायचं तरी." त्यानं पलीकडं पाहिलं. "ती बाई कोण?"

"माझी बायको."

अगदी साधेपणानं, एखाद्या हरवलेल्या वासराची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "मंग ती तिकडं अन् तुम्ही इकडं कसं?"

पाणी आलं ते किती सेकंदांत आलं, खडक कसा होता, काका कुठं होते, हे सगळं जिभेवर आलं आणि परत गेलं. म्हाताऱ्यानं आग्रह केला नाही. बैल बाभळीला बांधून तो माझ्याजवळ बसला. "उतरल," म्हणाला. "चार वाजेस्तोर उतरल. येळगंगा जशी येती तशीच जाती."

तसंच झालं. खडकाचा माथा आधी दिसला, मग त्याची कड. म्हाताऱ्यानं वरच्या बाजूला, पाणी पसरट होतं तिथं, बैलाचा कासरा माझ्या कमरेला बांधला, दुसरं टोक झाडाला वेढून हातात घेतलं आणि म्हणाला, "तोंड पाण्याकडं करून, आडवं आडवं सरका. पाय उचलू नका, घासत न्या." मांडीएवढ्या पाण्यातून मी तसाच सरकत गेलो. पलीकडं पोचलो तेव्हा ती काठावर उभी होती. तिचे ओठ काळेनिळे पडले होते, कानातला एक झुबका नव्हता, कान चिरला होता. मला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. तिला मिठी मारावीशी वाटली. काकांसमोर, त्या म्हाताऱ्यासमोर यातलं काहीच जमलं नाही.

ती म्हणाली, "लई भूक लागली. डबा द्या."

आम्ही तिघांनी तिथं जेवण केलं. पिठलं गार झालं होतं. काकांना घास गिळवेना, तिनं त्यांना दही-भाकरी कुस्करून दिली. मी जेवलो. भाकरीचा प्रत्येक घास मला आठवतो, कारण एकाचीही चव लागली नव्हती.

मग त्याच दोराला धरून एकेक करून आम्ही अलीकडं, गुरांच्या वाटेवर आलो. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून झोपली. काका पुढच्या सीटवर होते. वेरूळपासून शहरापर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

पुढचे दोन दिवस मी कामावर गेलो, पण काकांच्या लेथकडं बघायचो नाही, तेही माझ्याकडं बघायचे नाहीत. घरी ती नेहमीसारखी वागत होती, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. "मी तुझा हात धरायला पाहिजे होता. मी पिशवी धरली. मी तुझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही."

तिनं मेथीची काडी बाजूला टाकली.

"मी बी तुमच्याकडं पाहिलं नाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला उंबर दिसला. मी उंबराकडं पळाले. तुम्ही कुठं आहात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पाण्यात पडले तवा बी नाय. मुळी हाताला लागली, मंग आठवलं, की आपलं लग्न झालंय अन् तुम्हाला पोहता येत नाय." ती माझ्याकडं सरळ पाहत होती. तिच्या आवाजात ओशाळलेपण नव्हतं. "असंच असतंय व्हय. नाल्याला पूर आला की ढोरं बी आपापली पळतात. मंग एकमेकांना हुडकतात."

खरं म्हणजे माझ्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. तीन दिवस मी स्वतःला जे म्हणत होतो त्यातून तिनं मला सोडवलं होतं. पण मला राग आला. हे लिहायला आज लाज वाटते, तरी खरं ते असं की मला मोठा धक्का बसला. मी तिला विसरलो हा माझा गुन्हा होता. ती मला विसरली, हे मला सहन होईना. मी चप्पल घालून बाहेर पडलो आणि कारखान्याच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आलो. आलो तेव्हा भाजी झाली होती. "इतका वेळ कुठं गेलता?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "असाच." मग म्हणालो, "पिशवी बघून तू हात खाली केलास." ती म्हणाली, "हात दुखत होता." मग म्हणाली, "अन् राग बी आलता. थोडा."

तेव्हा मला हसू आलं. त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो, असं म्हटलं तरी चालेल. भांडायला लागलो असंही म्हणता येईल.

पुढच्या शुक्रवारी काका आले. बरोबर त्यांच्या घरच्या काकू होत्या. काका खोलीत शिरलेच नाहीत, उंबरठ्याबाहेर उभं राहून त्यांनी माझ्या बायकोला हात जोडले.

"पोरी, आभाळ बघून मी 'बसा' म्हणलो. नदी बघायला पाहिजे व्हती. मी चाळीस वर्षं नुसतं आभाळ बघत आलो."

ती गोंधळली. एवढा वडीलधारा माणूस हात जोडून उभा, आणि ती हातात पोळपाट घेऊन. तिनं पोळपाट माझ्याकडं दिला, पुढं होऊन त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, तुमची काठी नसती तर मी आता तुम्हाला चहा कसा देणार होते? आत या."

ते आत आले. चहा घेतला. पण त्या दिवसानंतर काका डोंगरात गेले नाहीत. शुक्रवारी ते घरीच असायचे. काकू एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाल्या होत्या की, रानात जाऊ नका म्हणून आयुष्यभर डोकं फोडून घेतलं, आता हा माणूस घरात बसलेला बघवत नाही. मी दोन-तीनदा त्यांना चला म्हणून पाहिलं. ते हसायचे आणि मशीन पुसायला लागायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मी सासुरवाडीला गेलो, तेव्हा तिच्या भावांनी तरंगायला माझ्या पाठीला सुका भोपळा बांधला आणि मला विहिरीत ढकललं. आठ दिवसांत मला पाण्यावर राहता येऊ लागलं. पोहणं अजूनही धड येत नाही. ती पायऱ्यांवर बसून पाहत होती आणि मोठ्यानं हसत होती, आणि सासऱ्यांनी तिला गप्प बसायला सांगितलं तरी बसत नव्हती.